बाबांना घेऊन बर्र अल हिकमानला

बोट्सवानाला जायचं म्हणून मी एक वही केली होती. तिकडच्या जंगलांत तंबू ठोकून राहिलेल्या लोकांचं लिहिलेलं वाचायचं आणि त्यातलं उपयोगाचं वहीत उतरवायचं. तंबूबाहेर अन्न ठेवू नये. माणशी रोज पाच लिटर पाणी धरावं. चपला झटकून घालाव्यात. प्राणी दिसला की इंजिन बंद करून गप्प बसावं. शेवटच्या पानावर खर्चाची बेरीज केली आणि वही मिटून टाकली, कारण ती बेरीज माझ्या सात-आठ महिन्यांच्या पगाराएवढी होती.

एका शुक्रवारी बाबांनी ती वही चाळली. "ह्यात आफ्रिका कुठे आहे गो?" ते म्हणाले. "पाणी, चपला, गप्प बसणं. हे महूतलाही करावंच लागतं."

महूत म्हणजे मस्कतपासून साडेचारशे-एक किलोमीटरवरचं, ओमानच्या मधल्या किनाऱ्याजवळचं गाव. माझे बाबा राजापूरकडचे. रस्ते बांधणाऱ्या यंत्रांचे मेकॅनिक म्हणून त्यांनी एकतीस वर्षं ओमानात काढली, त्यातली बरीचशी महूतच्या आसपास. मी पाच ते नऊ वर्षांची असताना आम्ही तिघं तिथल्या कॅम्पात एका पोर्टाकॅबिनमध्ये राहायचो. जवळपास आपली शाळा नव्हती, म्हणून आईच माझी शाळा. बाराखडी, पाढे, निबंध, सगळं तिने शिकवलं. चूक झाली तर खोडरबर वापरायचा नाही असा तिचा नियम होता. एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं, म्हणजे चूक कुठे होते ते दिसत राहतं. ती सवय माझ्या अंगात इतकी मुरली आहे की अजून माझ्या डोक्यात सगळ्या चुका रेघ मारलेल्या अवस्थेत दिसत असतात.

हे सांगायचं कारण, २०१७च्या मार्चमध्ये मी बाबांना घेऊन तीन दिवस तिकडेच गेले ती सहल निव्वळ सहल नव्हती. बाबांची साठी झाली होती आणि महिनाअखेर ते कायमचे गावी जाणार होते. आई घर उघडायला जानेवारीतच पुढे गेली होती. मी अल खौदला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. माझा दोन वर्षांचा करार संपत होता, आणि नव्या करारावर सही करून तो रविवारी द्यायचा होता. मी सही करणार नाही, बाबांबरोबरच परत जाणार, असं घरात सगळ्यांनी धरलेलं होतं. मला राहायचं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. न सांगता सही करणं मला जमणारं नव्हतं, आणि सांगणं त्याहून जमत नव्हतं. तीन दिवस गाडीत बाबा शेजारी असतील, कुठेतरी सांगू, असा माझा बेत होता. करार गाडीच्या खणात, मुल्कियाच्या म्हणजे गाडीच्या कागदांच्या खाली ठेवला होता.

गुरुवारी पहाटे साडेपाचला मस्कतच्या कडेच्या माबेलाहून, आमच्या घरून, निघालो. गाडी मी चालवत होते, आणि हे लिहिताना मला थोडा अभिमान वाटतो, कारण माझं लायसन्स पाचव्या प्रयत्नात आलं. चार वेळा मी ड्रमवर अडकले. पिंपांच्या मधून गाडी मागे घेण्याची ती परीक्षा ज्यांनी दिली आहे त्यांना माझं दुःख कळेल. मस्कतबाहेर बाबांनी मला गाडी कधी दिली नव्हती. त्या दिवशी दिली, पण त्यांचा उजवा पाय वाटेतल्या सिनाव गावापर्यंत नसलेला ब्रेक दाबत होता.

"बाबा, पाय दुखेल."

"तू दुखवतेस. तो ट्रक बघ."

"ट्रक एक किलोमीटरवर आहे."

"असेना. बघ तर खरी."

सिनावला गुरुवारीच जावं, बाजार त्या दिवशी भरतो. बकऱ्या, उंट, चारा, खजूर, आणि चेहऱ्यावर टोकदार बुरखा घातलेल्या बदू, म्हणजे वाळवंटी टोळ्यांतल्या, बायका पुरुषांपेक्षा मोठ्या आवाजात भाव करत असतात. आम्ही अंड्याचा पराठा आणि करक म्हणजे दाट दुधाचा कडक चहा घेतला, जळणाची एक मोळी आणि दोन किलो खजूर घेतले. दोघांचा तीन दिवसांचा सगळा खर्च पेट्रोल धरून पन्नास रियालच्या आत बसला. तंबू आपला असेल तर राहण्याला काहीच पडत नाही. पेट्रोलची टाकी मात्र महूतला पुन्हा काठोकाठ भरा. पुढे पंप मिळेल या भरवशावर कुणीही जाऊ नये.

सिनावनंतर डोंगर संपतात आणि जमीन ताटासारखी सपाट होते. पहिल्या दिवशी आम्ही जुना कॅम्प शोधला. तिथे काहीच नव्हतं, एक सिमेंटचा चौथरा आणि त्यातून वर आलेली एक लोखंडी सळई. बाबांनी पावलं मोजली. "इथे दार. इथे आईची टेबल-खुर्ची. तू इथे बसून रडायचीस, सातच्या पाढ्याला." ते हसत होते. तेव्हाच सांगावं असं मनात आलं, पण चौथऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला असं सांगणं बरं दिसेना.

संध्याकाळी फिलीम गावाजवळ खाडीच्या कडेला तंबू ठोकला. भरतीचं पाणी उतरत होतं आणि चिखलावर हजारो पक्षी उतरले होते. रोहित पक्षी तर इतके होते की दूरवर कुणी गुलाबी कापड वाळत घातलंय असं वाटत होतं. मी वहीत लिहिल्याप्रमाणे गप्प बसले. बाबाही बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एवढी वर्षं इथे होतो. हे होतं इथे?"

"होतं की."

"मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही यंत्राखाली असायचात, बाबा."

 पुढचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात ते डाळीला फोडणी द्यायला उठले.

पहाटे मी तंबूची चेन उघडली तर दहा पावलांवर एक कोल्हा. मोठाले कान, बारीक अंग, आणि तोंडात बाबांची सोड्यांची पिशवी. सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी, आईने गावाहून पाठवलेली.

"बाबा! मी म्हटलं होतं अन्न आत घ्या!"

बाबा डोळे चोळत बाहेर आले. कोल्ह्याने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी कोल्ह्याकडे. "जाऊ दे गो," ते म्हणाले. "राजापूरचं सोडं त्याला परत कोण देणार आहे?"

दुसऱ्या दिवशी बर्र अल हिकमानमध्ये शिरलो. हे एक सपाट द्वीपकल्प आहे आणि त्याचा मोठा भाग सब्खा आहे. सब्खा म्हणजे वर मिठाची पांढरी, कडक खपली आणि खाली चिखल. गाडी चार चाकांना ताकद देणारीच हवी. टायरमधली हवा आम्ही अठरा पीएसआयपर्यंत उतरवली, पुन्हा भरायला पंप सोबत ठेवला. आणि या भागाचा एकच नियम पाठ करा: आधीच्या गाड्यांच्या चाकोरीतूनच जायचं. शेजारची जमीन कितीही स्वच्छ, कितीही कोरडी दिसो, तिच्यावर चाक घालायचं नाही. हा नियम मी वहीत लाल शाईने लिहिला होता. तो मोडला मीच.

झालं असं. अकराच्या सुमाराला बाबा टोपी तोंडावर घेऊन डुलकी काढत होते. मी हळूहळू चाकोरीतून चालले होते. अचानक गाडीसमोर एक छोटा पक्षी लंगडू लागला. एक पंख लोंबकळत, धडपडत तो आम्हाला बाजूला ओढत होता. मी वाचलं होतं, घरटं जवळ असलं की ही टिटवीच्या जातीची पाखरं जखमी असल्याचं सोंग करतात. उतरून पाहिलं तर चाकोरीच्या अगदी मध्ये, शिंपल्यांच्या चुऱ्यात, तीन अंडी. ठिपके असलेली, खड्यांसारखी. अंडी दोन्ही चाकांच्या मध्ये धरून गाडी वरून नेता आली असती, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, चुकून एक चाक सरकलं तर? बाबांना उठवावंसं वाटलं, पण ते इतके शांत झोपले होते. मी स्टिअरिंग वळवलं आणि दोन गाड्यांच्या अंतरावरून, स्वच्छ पांढऱ्या जमिनीवरून, वळसा घालायला निघाले.

बिस्किट मोडल्यासारखा आवाज झाला. मागची चाकं आत गेली. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, ती आणखी गेली. राखाडी, कुजक्या वासाचा चिखल दाराच्या काचेपर्यंत उडाला.

बाबांनी टोपी काढली. बाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

"चाकोरी सोडलीस?"

"घरटं होतं. मधोमध."

"पक्षी वाचला?"

"हो."

"मग ठीक. पुन्हा गॅस देऊ नकोस."

ते चाकांकडे वाकून बघून आले आणि म्हणाले की हे फावड्याचं काम नाही. माझ्या हातात भरती-ओहोटीचा छापलेला तक्ता होता. भरती साडेतीनला. मी ते तीनदा सांगितलं. किनाऱ्याच्या दिशेला, दोनेक किलोमीटरवर, झावळ्यांचं एक छप्पर आणि शेजारी एक पिकअप दिसत होती. आम्ही पाणी घेऊन चाकोरीतून चालत निघालो. मी जवळजवळ पळत होते.

छपराखाली जाळी विणत एक म्हातारा बसला होता. हमूद त्याचं नाव. आम्हाला पाहून तो उठला, सलाम झाला, चटई झटकली गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी मला खाली बसवलं.

बदूंच्या घरी गेलं की आधी उलूम होतात. उलूम म्हणजे खबरबात. यजमान विचारतो, काय उलूम? पाहुण्याने म्हणायचं, काही नाही, सगळं खैर, म्हणजे ठीक. वाईट बातमी घेऊन आला असाल तरी पहिली फेरी खैरचीच. मग खजूर, मग कॉफी, आणि मग खरं काय ते. मला हे लहानपणापासून माहीत होतं. बुडत्या गाडीबरोबर कधी अनुभवलं नव्हतं.

"काय उलूम?" हमूदने बाबांना विचारलं.

"खैर. काही उलूम नाहीत."

"रस्त्याचे उलूम?"

"खैर."

"मस्कतचे?"

"खैर, अल हम्दुलिल्ला."

मी बाबांची बाही ओढली. "बाबा, गाडी!"

"गप बस गो," बाबा चेहरा तसाच हसरा ठेवून मराठीत म्हणाले. "खजूर खा."

हमूद माझ्याकडे वळला. "आणि बिंती, तुझे उलूम?" बिंती म्हणजे पोरी.

"खैर," मी म्हटलं. मला धडधडीत खोटं बोलल्यासारखं वाटलं, आणि ते फक्त गाडीमुळे नव्हतं.

खजूर झाले. हमूदने वेलची घातलेली कडू कॉफी छोट्या कपांत ओतली. कप परत देताना हलवला की पुरे झालं, नुसता पुढे केला की अजून हवी. पहिला कप संपल्यावर बाबा म्हणाले, "आमची गाडी बसली आहे."

"पाहिली," हमूद म्हणाला. "मघापासून पाहतोय. पांढऱ्या जमिनीवर पांढरी गाडी."

मला राहवलं नाही. "मग आला का नाहीत?"

"तुम्ही माझ्याकडे येत होता ना, बिंती? वाटेत भेटलो असतो तर कॉफी कुठे पाजली असती?"

"पण भरती येईल! साडेतीनला!"

"तिथे? तिथे पाणी माझ्या लग्नाच्या वर्षी आलं होतं."

बाबा खो-खो हसले. हमूदने दुसरा कप भरला आणि विचारलं, आणखी काय उलूम? बाबांनी कपाकडे बघत सांगितलं की महिनाअखेर ते कायमचे भारतात चालले. एकतीस वर्षं झाली. हमूदने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. 

"सगळेच चाललात?"

"सगळे," बाबा म्हणाले.

हमूद यजमान होता, त्याला प्रत्येकाचे उलूम घ्यायचे होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू पण, बिंती?"

मराठीत मी हे वाक्य महिनाभर घोळवलं होतं. त्या वाक्याच्या पुढेमागे इतकी कारणं जोडली होती की वाक्य कुठून सुरू करायचं तेच सापडत नव्हतं. माझी अरबी कॅम्पाजवळच्या पोरांकडून शिकलेली, नऊ वर्षांच्या मुलीची. तिच्यात कारणांना शब्दच नव्हते.

"नाही," मी अरबीत म्हणाले. "मी राहतेय."

समुद्राकडून वारा येत होता आणि छपराच्या झावळ्या वाजत होत्या. बाबांचा कप रिकामा होता. तो त्यांनी हलवला नाही. पुढे केला. हमूदने भरला. बाबांनी तो सावकाश प्यायला आणि मग हमूदला म्हणाले, "हे उलूम मलाही आत्ताच कळले."

हमूद मोठ्याने हसला. मग गंभीर होऊन त्याने विचारलं, "खैर ना?"

"खैर," बाबा म्हणाले.

ते पहिल्या फेरीतलं खैर होतं की नंतरचं, मला कळेना. विचारायची हिंमतही झाली नाही.

हमूदने पिकअपमध्ये दोरखंड, फळ्या आणि जुन्या गालिच्याचा तुकडा टाकला. अर्ध्या तासात गाडी चाकोरीत आली. चाकोरी का सोडली ते ऐकून तो म्हणाला, "अंड्यासाठी?" आणि मान हलवत राहिला. पण निघताना त्याने जाळं तरंगत ठेवणारा एक नारिंगी गोळा काढला, काठीला बांधला आणि घरट्यापासून चार पावलांवर रोवला, पुढच्या गाड्यांना दिसावा म्हणून. आम्ही दुरून पाहिलं. पक्षी येऊन बसला. त्याचा पंख ठणठणीत होता.

त्याने पैसे घेतले नाहीत. उलट एक मोठा मासा दिला. कुणी जाणार असाल तर अशा माणसांसाठी चहा-साखर, फळं असं काही सोबत ठेवा, पण ते आधी नाही, निघताना द्या.

संध्याकाळी किनाऱ्यावर, दुसऱ्या रात्रीच्या तंबूपाशी, बाबा मासा साफ करत होते. मी खणातला करार आणून त्यांच्या शेजारी ठेवला, उडू नये म्हणून वर एक शिंपला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि सगळी पानं वाचली. त्यांना इतकं इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे, तरी वाचली.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"वाटलं तर." ते पुन्हा माशाकडे वळले. "पण तू विचारलं नाहीस, सांगितलंस. ते बरं केलंस. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. मग तू आली असतीस माझ्यामागे, आणि रोज माझ्याकडे बघितलं असतंस."

मी शिंपला उचलला आणि कराराची पानं गोळा केली.

"राहणार कुठे?"

"अल हैलला. वसईची एक मुलगी आहे आमच्या लॅबमध्ये, तिच्याबरोबर."

"गाडी लावायला सावली आहे?"

"आहे."

"बघून घे नीट. दुपारची असते का, ते बघ. सकाळची काय कामाची?" मग थोड्या वेळाने, "आईला तू सांगायचंस हां. मी नाही."

शनिवारी परतीला बाबांनी सिनावपर्यंत गाडी मागितली नाही. महूत सोडल्यावर रस्त्याच्या कडेला एकटं हरीण दिसलं, वाळूच्या रंगाचं, पोटाखाली पांढरं. मी इंजिन बंद केलं. ते आमच्याकडे बघत उभं राहिलं आणि मग घाई न करता निघून गेलं. बाबांचा पाय एव्हाना ब्रेक दाबत नव्हता. बहुतेक ते दमले होते.

घरी पोचल्यावर सगळ्यात आधी गाडी खालून धुवा. सब्खाचं मीठ पत्रा खातं. बाबांनी मलाच गाडीखाली झोपवलं आणि बाहेरून पाइप धरून सूचना देत राहिले. "तिथे नाही. आणखी आत. हां, तिथे." तासभर. त्यांचं एकतीस वर्षांचं काम मी पहिल्यांदा त्यांच्या जागेवरून पाहिलं. तिथून खरंच काही दिसत नाही.

बोट्सवानात हत्ती आहेत, सिंह आहेत, ते बर्र अल हिकमानला नाहीत. तिथे आहेत ते पंख मोडल्याचं सोंग करणारे बारीक पक्षी, आणि तुमच्याकडे मघापासून पाहत बसलेली, तरीही तुम्ही पोचेपर्यंत थांबलेली माणसं. मी अजून चिंता करते. चाकोरी सोडल्याचं वहीत लिहिलं आहे, रेघ मारून, शेजारी बरोबर काय ते. पण 'मी राहतेय' या दोन शब्दांवर मात्र रेघ मारलेली नाही.

आईला मी त्याच संध्याकाळी फोन केला. आधी खैर वगैरे काही नाही, सरळ सांगितलं.  तिच्यामागे कुणीतरी लाकूड फोडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"तुझ्यासाठी कपाट रिकामं केलं होतं," ती शेवटी म्हणाली. "आता त्यात गोधड्या ठेवते. नाहीतरी जागा नाही."

"ठेव, आई."

"सगळ्या नाही बसणार. खालचा खण तसाच ठेवते." ती थांबली. "आलीस की कपडे काय बॅगेतच ठेवणार आहेस?"